ओल खाणाऱ्या गोळ्या

पेरणीच्या पंधराव्या दिवशी माधवरावांनी पहिल्या ट्रेवरचा ओला पेपर उचलला आणि ते खाली वाकून बघतच राहिले. मग दुसरा उचलला. मग तिसरा. पाचव्या ट्रेनंतर त्यांनी पेपर उचलणं सोडून दिलं, चष्मा काढला, शर्टाच्या टोकानं पुसला आणि पुन्हा घातला.

चष्म्याचा काही दोष नव्हता. ट्रेमध्ये काही नव्हतंच. तीसच्या तीस ट्रे, आणि सगळ्यांत नुसता काळा, भिजलेला काथ्याचा भुसा. ना हिरवा ठिपका, ना पांढरी मुळी. शेवाळसुद्धा धरलं नव्हतं म्हणजे बघा.

शालन रिकाम्या पिशव्यांची पाटी घेऊन दारात उभी होती, ती तिथंच थिजली. नऊ वर्षं ती वाघोलीच्या या नर्सरीत राबत होती. झेंडू कुजलेला तिनं पाहिला होता, शेवंतीला कीड लागून वाफेच्या वाफे उपटलेले पाहिले होते. पण सासूच्या, आत्याबाईंच्या हातनं पडलेलं बी उगवलंच नाही, एकसुद्धा नाही, हे तिनं कधी ऐकलंदेखील नव्हतं.

"वेणूबाई," माधवराव शांतपणे म्हणाले, "माती उगवायला साधारण किती दिवस लागतात, तेवढं सांगा. म्हणजे मी कंपनीला तसं कळवतो."

माधवराव मूळचे कसबा पेठेतले. आवाज चढवायची त्यांना सवय नव्हती. त्यापेक्षा ओरडणारा मालक बरा, असं तिथं काम करणाऱ्या सगळ्या बायकांचं मत होतं.

वेणूबाई, म्हणजे शालनची सासू, साठीची, हाडकुळी बाई. ती पुढं आली. ट्रेवर इतकी वाकली की नाक भुशाला लागतंय की काय असं वाटलं. कडेचा चिमूटभर भुसा तिनं उचलला, बोटांत चोळला, वास घेतला. तिच्या तोंडावरचा रंग उडालेला शालनला लांबून दिसला. बाई काहीतरी पुटपुटली, पण ते कुणाला कळलं नाही.

आता या बाईचा हात काय होता, ते सांगायला हवं. तिचं माहेर सांगलीकडचं, तिथं तंबाखूची रोपं करायचे. तंबाखूचं बी म्हणजे धूळच. शिंकलात तर गेलं. पोरवयापासून वेणूबाई ती धूळ पेरत आली. पुढं लग्न होऊन इकडं आली, नवरा गेला, आणि नर्सरी निघाली तेव्हा फुलांच्या बारीक बियांना सबंध नगर रस्त्यावर हिच्याइतका हात कुणाचा नव्हता. पिटुनिया, बिगोनिया, सगळं धुळीतलंच काम. बी पांढऱ्या रांगोळीत मिसळायचं, म्हणजे कुठं पडलं ते दिसतं. जुन्या पोस्टकार्डाची घडी घालायची, त्यात ते घ्यायचं आणि नखानं टिचक्या देत भुशावर सोडायचं. वर माती टाकायची नाही; उजेड लागतो त्याला, म्हणून ओल टिकवायला नुसता पातळ पेपर, उजेड झिरपेल असा. आणि हे सगळं दार लावून, पंखा बंद करून, श्वास धरून. एक ट्रे होईस्तोवर बाई श्वास सोडत नसे. तेवढ्या वेळात खोलीत कुणी पाऊल टाकायचं नाही, दाराबाहेर कुणी बोलायचं नाही. मालकसुद्धा तेव्हा मोबाईल घेऊन विहिरीकडं जायचे.

आणि पेरून झालं की पाणी द्यायचं काम सोनबाचं. सोनबा तिचा एकुलता मुलगा, शालनचा नवरा. पाठीवर फवारणीचा पंप, पुढं सगळ्यांत बारीक तोटी. पंपाच्या पट्ट्यांनी त्याच्या दोन्ही खांद्यांवर घट्टे पडले होते. तो दारात येऊन उभा राहायचा आणि विचारायचा, "आये, देऊ का?" वेणूबाई "दे" म्हणाली की मगच दांडी हलायची. नुसतं धुकं सोडायचं. थेंब पडला की बी वाहून कोपऱ्यात गेलंच म्हणून समजा.

तर असं हे मायलेकाचं काम. आणि या खेपेला बी होतं कंपनीचं. खराडीला काचेची नवी इमारत उठत होती, कॉम्प्युटरची. दिवाळीत उद्घाटन, बाहेरचे पाहुणे येणार, आणि फाटकापासून दारापर्यंत एकाच जांभळ्या रंगाची फुलं पाहिजेत, कंपनीच्या पाटीच्या रंगाची. तो रंग इथं मिळेना म्हणून माधवरावांनी बी परदेशातून मागवलं. चांदीच्या कागदात गुंडाळलेली बोटभर काचेची बाटली आली. त्यांनी ती तशीच वेणूबाईच्या हातावर ठेवली. "पिटुनिया. नेहमीसारखं पेरा," म्हणाले आणि बँकेत गेले.

आणि आता पंधराव्या दिवशी हा सगळा उजाड कारभार.

"दुसरं बी मागवायचं तर तीन आठवडे," माधवराव म्हणाले. "म्हणजे फुलं येतील तुळशीच्या लग्नाला. कंपनी तोवर थांबेल, असं मला वाटत नाही. वेणूबाई, काय झालं?"

"पेरणी बराबर झालीय," वेणूबाई म्हणाली. तिचा आवाज चिरका झाला होता. "माझ्या हातात चाळीस वर्सं चूक न्हाई झाली."

"मग?"

बाईनं ट्रेकडं पाहिलं, मग दारात पंप घेऊन उभ्या असलेल्या लेकाकडं पाहिलं. आणि म्हणाली, "पानी चुकलं आसंल."

सोनबाच्या हातातली तोटी खाली पडली. त्याला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

"आये?"

"तोटी मोठी लावली आसंल. न्हाईतर जोरात मारलं आसंल. बी वाहून गेलं, खाली बसलं, कुजलं. दुसरं काय व्हनार?"

"मी तोटी बदलली न्हाई!" सोनबा म्हणाला. "तुला इचारल्याबिगर मी कवा दांडी तरी हालवली का? सांग की, हालवली का?"

"मग पेरणी चुकली म्हनतोस?"

सात बायका तिथं उभ्या होत्या. एकीनंही पापणी लववली नाही. शालनला वाटलं, आता हा म्हणेल, हो, चुकली. म्हणावं त्यानं! पण सोनबा आईच्या तोंडाकडं बघत राहिला. जन्मात कधी त्यानं त्या हाताला नाव ठेवलं नव्हतं आणि आजही त्याच्यानं ते झालं नाही.

"सोनबा," माधवराव म्हणाले, "पंप काढून ठेव. आणि उद्यापासून येण्याचे कष्ट घेऊ नकोस."

ओल्या पट्ट्या त्याला सुटेनात. शालन पुढं झाली आणि तिनं बकल सोडवलं. पाठीवरचा शर्ट घामानं आणि गळक्या पंपानं चिकटला होता. तो फाटकाबाहेर गेला.

*

नर्सरीसमोर रस्त्यापलीकडं बिल्डिंगांचं काम चालू होतं. कॉलेजं येत होती, त्यामागून होस्टेलं, त्यामागून फ्लॅट. माणूस नुसता उभा राहिला तरी त्याच्या डोक्यावर घमेलं यायचं. सोनबा दुसऱ्याच दिवशी तिथं लागला. पंधरा वर्षं धुकं सोडणारा माणूस ओलं काँक्रीट घेऊन शिडी चढू लागला. पावसाची झड लागलेली, शिडीच्या फळ्या निसरड्या. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा त्याच्या बोटांच्या चिरांत सिमेंट बसलेलं असायचं. शालन खोबरेल गरम करून लावायची, तेव्हा तो हात आखडून घ्यायचा.

आईशी तो बोलत नव्हता. वस्तीतलं त्यांचं घर दीड खोल्यांचं, वर पत्रा. बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या तसबिरीखाली म्हातारी बसायची, आणि सोनबा दाराकडं तोंड करून, तिच्याकडं पाठ करून जेवायचा. भाकरी वाढताना मधल्या मधी शालनचा जीव जायचा.

"आगं, त्याला म्हनावं कोरड्यास घे आजून," वेणूबाई म्हणायची.

"तिला म्हनावं पोट भरलं," सोनबा भिंतीला सांगायचा.

शालनला सासूचा असा राग यायचा की हातातलं ताट आपटावंसं वाटायचं. अहो, पोटचा पोर! सात बायकांपुढं, मालकापुढं, सरळ त्याच्या अंगावर ढकलून मोकळी! आणि तरी, खरं सांगायचं तर, रागाच्या खाली तिच्या मनात एक घाण शंका होती. तोटी खरंच बदलली असेल का यांनी? पंधरा वर्षांत एखादे दिवशी? ती शंका आली की तिला स्वतःचीच लाज वाटायची.

वस्तीतल्या बायका तर विचारायलाच बसलेल्या. समोरची शैला नळावर म्हणाली, "काय गं, सोनबानं पिटुनियाचं पीठ केलं म्हनं?" बाकीच्या हसल्या. शालननं हंडा उचलला आणि भरायच्या आतच घरी आली.

वेणूबाईचंही ठीक नव्हतंच. ती नर्सरीत जायची, बसून पिशव्या भरायची. माधवरावांनी तिला पेरणीची खोली उघडायला सांगितलंच नव्हतं. घरी आली की खिडकीशी बसायची आणि मिश्रीचा डबा उघडून दात घासत राहायची. दिवसातून चार-चार वेळा. उजव्या हाताची दोन बोटं सारखी एकमेकांवर चोळत असायची, जणू अजून त्यात काहीतरी आहे.

*

सहाव्या दिवशी सकाळी पाऊस खिडकीतून आत आला होता. सोनबा कामावर गेलेला, सासू मोरीत. शालन चिंध्या घेऊन खिडकीचा कट्टा पुसू लागली. तिथं मिश्रीचा डबा होता, झाकण अर्धवट, कारण आत सासूनं फडक्याची एक पुरचुंडी कोंबली होती आणि तिच्यामुळं ते बसत नव्हतं. डब्यात पाणी गेलेलं. मिश्रीचा चिखल झालेला.

"आत्याबाई, मिश्री भिजली हो तुमची!"

"आसूं दे, वाळव," मोरीतून आवाज आला. "त्यात ती ओल खानारी गोळी टाकलीय म्या, सुकंल."

ओल खाणाऱ्या गोळ्या बायकांच्या ओळखीच्या होत्या. बियांच्या डब्यांतून कागदी पुडीत यायच्या, बी कोरडं राहावं म्हणून. बी काढून घेतलं की बायका त्या पुड्या घरी न्यायच्या. पावसाळ्यात मसाल्याच्या डब्यात एक ठेवली की मसाला गोळा होत नाही.

शालननं पुरचुंडी उचलली. आजच्या पावसानं चिंब होती, पण दिवसातून चार-चारदा मिश्रीची ओली बोटं लागून ती आधीपासूनच ओली राहिली असणार. वाळवावी म्हणून तिनं गाठ सोडली आणि फडकं उजेडात पसरलं.

आत गोळ्या नव्हत्या. म्हणजे होत्या, पण फुटल्या होत्या. वरचं बदामी कवच विरघळून फडक्याला माखलं होतं आणि त्या राडीत पांढरे धागे होते, सुताहून बारीक. एका धाग्याच्या टोकाला हिरवा ठिपका होता. शालननं डोळे चोळले. दुसऱ्या टोकालाही होता. तिसऱ्या टोकाचा ठिपका तर उकलला होता, त्याची दोन पानं झाली होती, मोहरीच्या दाण्याच्या चतकोर एवढी.

नऊ वर्षांत असली पानं तिनं हजारो वेळा पाहिली होती. पिटुनिया!

ती तिथंच खाली बसली. फडकं मांडीवर. बाहेर कुणाचा तरी रेडिओ लागला होता, तो तिला ऐकू येत होता आणि कळत मात्र काही नव्हतं. मग एकदम कळलं. सगळंच एकदम कळलं.

"आत्याबाई," ती ओरडली, "आवो आत्याबाई, हिकडं या!"

वेणूबाई ओल्या लुगड्यानंच आली. फडक्याकडं पाहिलं. वाकली. नाक लावलं. किती वेळ ती वाकून राहिली कोण जाणे. शालनला वाटलं, म्हातारीला आता काही होतंय की काय.

"ह्या गोळ्या कुठनं आणल्या?" शालननं विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

"बाटलीतनं," वेणूबाई म्हणाली.

"कंपनीच्या?"

"व्हय. वर गोळ्या हुत्या, गोल गोल. तळाला धूळ." ती एकेक शब्द ओढून काढत होती. "म्या म्हनलं, ओल खायाला गोळ्या सुट्ट्याच टाकल्यात. बाहेरची कंपनी, आसंल त्यांची रीत. वस्त्रगाळ केलं. गोळ्या वर राह्यल्या. धूळ खाली आली."

"आन् धूळ पेरली."

"धूळ पेरली."

म्हणजे ती तळाची धूळ, बियांवरचं घासून गेलेलं कवच, तिनं रांगोळीत मिसळली, पोस्टकार्डात घेतली, दार लावलं, आणि तीसच्या तीस ट्रेना दर खेपेला श्वास धरून ती नुसती माती पेरत बसली. शालनला हसू आलं आणि रडूही आलं.

"बोटानं सांगितलं हुतं मला," म्हातारी अचानक म्हणाली. तिनं आपली ती दोन बोटं डोळ्यांपुढं धरली. "बी आसं खरखर लागत न्हाई. बी सरकतं. ही धूळ सरकत नव्हती. म्या म्हनलं, नवीन बी हाय, आसंल. मालकाला इचारायचं हुतं. न्हाई इचारलं. वेणूबाईनं इचारायचं?"

मग तिनं कपाळावर हात मारून घेतला. एकदा, दोनदा. तिसऱ्या वेळेला शालननं तो हात धरला.

"पोराला... सोन्याला माझ्या..." एवढंच म्हातारीच्या तोंडून आलं.

राग करायचा तर हीच वेळ होती. सहा दिवसांचं साठलेलं शालनच्या जिभेवर आलंही होतं. पण समोरच्या बाईचं तोंड बघून तिचा धीर झाला नाही. ती एवढंच म्हणाली, "बाकीच्या गोळ्या कुठायत?"

बाकीच्या होत्या! औषधाच्या रिकाम्या बाटलीत घालून फळीवर ठेवलेल्या, कोरड्या खडखडीत. पण सगळ्या नव्हत्या. म्हातारीनं मोठ्या मनानं शेजारपाजारी वाटल्या होत्या, मसाल्यात ठेवा म्हणून. आता निघाली ती मागायला. शालन म्हणाली, मी जाते. पण वेणूबाईनं ऐकलं नाही.

शैलाच्या दारात उभी राहून ती म्हणाली, "त्या गोळ्या परत दे बाय."

"का हो आत्या? तुमच्याच मिठाला कमी पडल्या व्हय?" शैला हसत म्हणाली.

"बी हुतं ते. मला कळलं न्हाई. सोन्याची चूक नव्हती, माझी हुती."

शैलाचं हसू जागच्या जागी विरलं. ती आत गेली आणि मसाल्याचा आख्खा डबाच घेऊन बाहेर आली. तिखटात बोटं घालून दोघी गोळ्या वेचत बसल्या. पुढच्या चार दारांत वेणूबाई हेच बोलली, ह्याच शब्दांत. शालन मागं बशी धरून चालत होती, आणि दर वेळी तिला वाटत होतं, पुरे, आता पुरे. एका घरी गोळ्या मिठात टाकल्या होत्या, त्या खारून गेल्या होत्या. तेवढ्या सोडून दिल्या.

*

सगळ्या गोळ्यांची बशी आणि ते फडकं पदराखाली झाकून म्हातारी नर्सरीकडं वळली नाही. रस्ता ओलांडून सरळ बिल्डिंगीत शिरली. सोनबा शिडीच्या तळाशी घमेलं भरून घेत होता. वीस-पंचवीस माणसं, मिक्सरची घरघर.

"सोन्या, चल."

सोनबानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि घमेलं उचललं.

"मला मालकापुढं बोलायचंय," ती त्या घरघरीत ओरडली. "तू तितं पायजेल. ते घमेलं ठेव. तुझ्या पाया पडू का हितं?"

आणि खरंच वाकली की हो बाई! सोनबानं घमेलं टाकलं आणि तिचे दोन्ही दंड धरले. त्याच्या हातचं ओलं सिमेंट तिच्या चोळीला लागलं. "येडी झालीस का?" तो म्हणाला. सहा दिवसांनी तो तिच्याशी बोललेला हा पहिला शब्द.

माधवराव टेबलाशी बसून कुणाला तरी फोनवर समजावत होते. हे तिघे दारात आलेले बघून त्यांनी फोन ठेवला. मागून पिशव्या भरणाऱ्या बायकाही सरकत आल्या.

"मालक," वेणूबाई म्हणाली, "पानी चुकलं न्हाई. म्या बी फेकलं आन् कचरा पेरला." तिनं बशी टेबलावर ठेवली, आणि शेजारी ते ओलं फडकं.

बोलायचं होतं ते सगळं ती बोलली. बोटानं सांगितलं होतं, तेही बोलली. तेवढं लपवलं असतं तर कुणाला कळलंही नसतं. बायका तोंडाला पदर लावून ऐकत होत्या. सोनबा आधी फडक्याकडं बघत होता, मग आईकडं, आणि मग त्याला कुणाकडं बघवेना, म्हणून तो स्वतःच्या सिमेंट लागलेल्या पायांकडं बघत राहिला.

माधवराव उठले. ड्रॉवर उघडून त्यांनी चांदीच्या कागदाबरोबर आलेलं पत्रक शोधून काढलं. घडीसुद्धा मोडलेली नव्हती. ते उभ्या उभ्या वाचू लागले आणि त्यांचे कान लाल होत गेले.

"लिहिलंय," ते म्हणाले. "ठळक अक्षरात लिहिलंय. प्रत्येक गोळीत एक बी. हाताळायला सोपं जावं म्हणून वरून कवच."

"कुनाला सोपं?" वेणूबाईनं विचारलं.

"कुणालाही. नवशिक्यालासुद्धा. एका वेळी एक उचलायची आणि ठेवायची. पुढं यंत्रही येतंय म्हणे." ते थांबले. "म्हणजे मी वाचलं नाही आणि तुम्ही विचारलं नाही. दोन शहाण्यांना एका बाटलीनं पुरतं मूर्ख ठरवलं. सोनबा, पंप कुठं आहे ते तुला माहीत आहे."

माफी म्हणून त्यांच्याकडून एवढंच आलं. कसबा पेठेच्या मानानं ते पुष्कळच होतं. पेरल्यापासून फुलं यायला अकरा आठवडे लागतात आणि दिवाळीला पुरते तेवढे उरले नव्हते, पण आजच्या आज पेरलं तर जमेल, असं त्यांनी बोटांवर मोजून सांगितलं.

पेरणीची खोली उघडली. आणि या खेपेला दार लावायची गरज नव्हती, पंखा बंद करायची गरज नव्हती. सातही बायका ट्रेभोवती बसल्या, हाताला लागेल तशा गोळ्या ठेवू लागल्या आणि बोलू लागल्या. एकीनं पोराच्या शाळेचं काढलं, एकीनं सासूचं. नर्सरी निघाल्यापासून त्या खोलीत कुणी पेरताना बोललं नव्हतं. शालनला ते ऐकताना कसंसंच झालं. एखाद्याच्या घरात चपला घालून फिरावं तसं वाटलं तिला.

वेणूबाई कोपऱ्यातल्या ट्रेवर बसली होती. चिमटीत एक गोळी घ्यायची, भुशावर ठेवायची. गोळी ज्वारीच्या बारीक दाण्याएवढी, आंधळ्यानंही पेरावी. पण तिचे ओठ घट्ट मिटलेले होते, नाकपुड्या स्थिर होत्या, आणि गळ्याची शीर ताठ झाली होती. ट्रे संपला की ती फुस्सकन श्वास सोडायची आणि दुसरा ट्रे पुढं ओढायची. बायकांच्या ध्यानात आलं. हळूहळू एकेकीचं बोलणं थांबलं.

तीस ट्रे झाले. सोनबा पंप चढवून दारात उभा राहिला. त्याची जीभ सवयीनं वळवळली असणार, पण त्यानं आईला विचारलं नाही. कुणाला उद्देशून ते कळू नये अशा आवाजात तो म्हणाला, "पानी किती?"

माधवरावांनी पत्रक वर केलं. "कवच विरघळेल इतकं."

"म्हंजी किती?"

"ते छापलेलं नाही."

सगळ्यांच्या माना वेणूबाईकडं वळल्या. पाण्याचा शब्द आजवर तिचाच होता. म्हातारी उठली. ट्रेकडं बघत राहिली, आणि म्हणाली, "मला न्हाई ठावं."

एका बाईच्या हातातून रिकामी बशी निसटली. माधवरावांनी चष्म्यावरून पाहिलं. वेणूबाईला ठाऊक नाही! हे वाक्य या खोलीत कुणी कधी ऐकलं नव्हतं.

"मला धुळीचं कळतं," ती म्हणाली. "ह्याचं न्हाई कळत. पानी तुझं हाय, सोन्या. तूच सांग."

सोनबा आत आला, ट्रेशी उकिडवा बसला आणि एकाच गोळीवर त्यानं तोटी धरली. दांडी अर्धी दाबली. थांबला. पुन्हा दाबली. गोळी काळवंडली, मग तिला चीर गेली, मग ती बसली. त्यानं करंगळीच्या टोकानं तिला हलकेच टेकून पाहिलं. "धुकं पुरनार न्हाई," तो म्हणाला, "मधली तोटी लावतो. दोन येळा फिरतो, मधी जरा दम खातो."

आई त्याच्याशेजारी वाकून ती फुटलेली गोळी बघत होती. तिचे ओठ अजून मिटलेले होते आणि गळ्याची शीर ताठ होती. सोनबानं ते पाहिलं. नवी तोटी बसवता बसवता तो हळूच म्हणाला, "आये, श्वास सोड आता. हे बी उडत न्हाई."

वेणूबाईनं श्वास सोडला. तो इतका लांबला की मधेच त्याचा हुंदका झाला. सोनबानं दांडी हलवायला सुरुवात केली.